दोन युद्धं आणि दोन गाणी : कवी प्रदीप



२६ जानेवारी जवळ आला की शाळाशाळांत 'ऐ मेरे वतन के लोगों'ची तालीम सुरू होते. मुलं चाल पटकन उचलतात. पण हे गाणं कुणी लिहिलं आणि तेव्हा देशाची मनःस्थिती काय होती, हे आपण त्यांना सांगतो का?

हे गाणं लिहिणारे कवी प्रदीप यांचं मूळ नाव रामचंद्र द्विवेदी. जन्म ६ फेब्रुवारी १९१५, उज्जैनजवळच्या बडनगरचा. लखनौला शिकून ते आपल्यासारखेच शिक्षक व्हायच्या बेतात होते. एका कविसंमेलनासाठी मुंबईला आले आणि बॉम्बे टॉकीजने त्यांना 'कंगन'ची गाणी लिहायला बोलावलं. गुरुजी व्हायचं राहूनच गेलं!

पहिलं युद्ध : १९४३

दुसरं महायुद्ध चालू होतं. ऑगस्ट १९४२ च्या 'चले जाव' आंदोलनानंतर नेते तुरुंगात होते, वर्तमानपत्रांवर बंधनं होती. लोकांच्या मनातलं उघडपणे बोलायची सोय नव्हती. अशा वेळी 'किस्मत' चित्रपट आला. त्यात अनिल विश्वास यांच्या संगीतात प्रदीपजींचं एक समूहगीत होतं, परक्यांना दूर व्हायला बजावणारं. गाण्यात शत्रू म्हणून नाव होतं जर्मन आणि जपानी लोकांचं. ते तर इंग्रजांचेही शत्रू, त्यामुळे सेन्सॉरने गाणं पास केलं. प्रेक्षकांना मात्र खरा रोख बरोबर कळला. लोक रीळ मागे फिरवून ते गाणं पुन्हा लावायला लावत. कोलकात्याच्या रॉक्सी चित्रपटगृहात 'किस्मत' तीन वर्षांहून अधिक काळ चालला. सरकारच्याही ते लक्षात आलं, आणि अटक टाळण्यासाठी प्रदीपजींना काही काळ भूमिगत व्हावं लागलं.

दुसरं युद्ध : १९६२

आता सरकार आपलंच होतं. पण चीनकडून झालेल्या पराभवाने देश खचला होता. लोकांत संताप होता, संरक्षणमंत्र्यांना राजीनामा द्यावा लागला होता. प्रदीपजींनी या वेळी ना आरोप केले, ना बदल्याची हाक दिली. त्यांनी लोकांचं लक्ष वळवलं ते बर्फात प्राण देणाऱ्या जवानाकडे. चाल दिली आपल्या पुणतांब्याच्या सी. रामचंद्र यांनी. २७ जानेवारी १९६३ ला दिल्लीत लतादीदींनी ते गायलं, तेव्हा पंडित नेहरूंचेही डोळे पाणावले. खुद्द कवीला मात्र त्या कार्यक्रमाचं निमंत्रण नव्हतं!

या गाण्याची कमाई युद्धात वीरमरण आलेल्या जवानांच्या पत्नींसाठी जावी, अशी त्यांची इच्छा होती. ११ डिसेंबर १९९८ ला ते गेले. त्यानंतर २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने थकबाकीपोटी १० लाख रुपये त्या निधीत भरण्याचा आदेश ध्वनिमुद्रिका कंपनीला दिला.

वर्गात काय घ्याल?

मुलांना दोन्ही गाणी ऐकवा आणि विचारा : पहिल्या गाण्यातला खरा अर्थ सेन्सॉरला कळला नाही, तो लोकांना कसा कळला? आणि पराभवानंतर दोष कुणाचा हे विचारणंही गरजेचं असतं. मग हे गाणं ऐकून लोक तो प्रश्न विसरले असतील, की त्यांना धीर आला असेल? उत्तर एकच येणार नाही. येऊ द्या वेगवेगळी. पुढच्या २६ जानेवारीला तेच गाणं मुलं जरा वेगळ्या समजुतीने म्हणतील.