कवटी न उघडता मेंदू दाखविणारे गॉडफ्रे हाउन्सफील्ड

‘सिटी स्कॅन’ हा शब्द आता तालुक्याच्या गावीही परका राहिलेला नाही. हे यंत्र घडविणारे गॉडफ्रे हाउन्सफील्ड डॉक्टर नव्हते. विद्यापीठाची पदवीही त्यांच्यापाशी नव्हती.

२८ ऑगस्ट १९१९ रोजी इंग्लंडमधील नॉटिंगहॅमशायर परगण्यात एका शेतकरी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. पाच भावंडांत ते सर्वांत धाकटे. शाळेत गणित व भौतिकशास्त्र सोडता कशातच त्यांचे मन रमले नाही. गवताच्या गंजीवरून घरी बनविलेल्या ग्लायडरसह झेप घेण्यात मात्र ते रमत. महायुद्धकाळात हवाई दलात ते रडार शिकले आणि शिकवूही लागले. पुढे मिळालेल्या अनुदानावर लंडनच्या फॅरडे हाउसमधून पदविका घेऊन १९५१ साली ते ईएमआय कंपनीत रुजू झाले.

साध्या क्ष-किरण चित्रात पुढचे-मागचे सारे एकावर एक पडते. कवटीआडचा मऊ मेंदू त्यात दिसतच नसे. तो पाहण्यासाठी भोवतीचा द्रव काढून तेथे हवा भरीत. रुग्णाचे हाल होत. १९६७ साली हाउन्सफील्ड यांनी वेगळा विचार मांडला. डोक्याच्या एकाच पातळ कापातून सर्व बाजूंनी किरण सोडावेत, प्रत्येक किरण किती शोषला गेला ते मोजावे आणि त्या हजारो बेरजांवरून प्रत्येक बिंदूची घनता संगणकाने काढावी. पहिले यंत्र जुन्या लेथच्या सांगाड्यावर उभे राहिले. एका कापाच्या मोजणीला ९ दिवस आणि आकडेमोडीला अडीच तास लागत. तपासणीसाठी खाटकाकडून आणलेला बैलाचा मेंदू ते लंडनभर सार्वजनिक वाहनांतून नेत.

१ ऑक्टोबर १९७१ रोजी विम्बल्डनच्या ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात डॉ. जेम्स ॲम्ब्रोज यांच्या साहाय्याने एका स्त्रीच्या मेंदूचे चित्र घेतले गेले. अवघ्या ८० × ८० चौकोनांचे. पण त्यात गाठ स्पष्ट दिसली. त्याच वर्षी जी. एन. रामचंद्रन व ए. व्ही. लक्ष्मीनारायणन या भारतीयांनी अशा प्रतिमा जलद रचण्याची गणिती रीत प्रसिद्ध केली. हे आपल्याकडे फारसे सांगितले जात नाही.

१९७९ साली ॲलन कॉरमॅक यांच्यासह त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. १२ ऑगस्ट २००४ रोजी त्यांचे निधन झाले. कापांवर काप रचून आज संगणक हृदयाची त्रिमितीय आकृती फिरवून दाखवितो, तेव्हाही तिच्यातील घनता हाउन्सफील्ड एककांतच मोजलेली असते : पाणी ०, हवा उणे १०००.