नानाभाई मूस

मुंबई बेटाच्या दक्षिण भागात कुलाबा येथे ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ साली एक वेधशाळा स्थापन केली. १८४६ पासून तेथे चुंबकसूचीच्या हालचालींची अखंड नोंद होऊ लागली. ही सूची एरवी स्थिर भासते. परंतु सूर्यावर मोठा उत्पात झाला, की विद्युत्भारित कणांचा लोट पृथ्वीकडे धावतो आणि पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र डळमळू लागते. यालाच चुंबकीय वादळ म्हणतात. सप्टेंबर १८५९ मध्ये असे प्रचंड वादळ झाले. युरोप-अमेरिकेतील तारायंत्रे बंद पडली आणि कुलाब्याच्या सूचीनेही त्याची साक्ष नोंदविली. त्याच वर्षी एका पारशी कुटुंबात नानाभाई अर्देशीर फ्रामजी मूस यांचा जन्म झाला.

नानाभाईंनी एडिंबरो येथे उच्च शिक्षण घेतले. स्वदेशी परतल्यावर ते एल्फिन्स्टन कॉलेजात अध्यापन करू लागले. १८९६ साली कुलाबा वेधशाळेची सूत्रे त्यांच्या हाती आली. पुढच्याच वर्षी आसामात भयंकर भूकंप झाला. त्यानंतर थोड्याच काळात कुलाब्यास मिल्न यांचे भूकंपमापक यंत्र बसले आणि दूरदेशीचे धरणीकंपही मुंबईत नोंदले जाऊ लागले.

इतक्यात एक निराळेच संकट उभे राहिले. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या सुरू व्हावयाच्या होत्या. त्यांच्या विद्युत्प्रवाहाने नाजूक चुंबकसूची विचलित होणार आणि साठ वर्षांची नोंद निरुपयोगी होणार, हे उघड होते. नगराची सोय अडविता येत नव्हती आणि शास्त्राची हानीही सोसवत नव्हती. नानाभाईंनी शांतपणे मार्ग काढला. मुंबईपासून सुमारे ३० किलोमीटर अंतरावरील अलिबाग त्यांनी निवडले. तेथील इमारतीसाठी लोखंड वर्ज्य करून पोरबंदरचा अचुंबकीय दगड वापरण्यात आला. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षे दोन्ही ठिकाणी एकाच वेळी वेध घेतले गेले. त्यामुळे दोन्ही स्थळांच्या आकड्यांतील फरक निश्चित कळला व जुनी नोंद नव्या नोंदीशी जोडली गेली. १९०७ साली ट्राम धावू लागली, तेव्हा अलिबागची सूची निर्वेध हलत होती.

१९१० साली नानाभाईंनी १८४६ ते १९०५ पर्यंतच्या नोंदींचे दोन खंड प्रसिद्ध केले. अनेक वादळे एकत्र अभ्यासून त्यांनी दाखविले, की चुंबकीय वादळालाही एक क्रम असतो : क्षेत्र प्रथम किंचित वाढते, मग काही तास घटते आणि पुढे हळूहळू पूर्वपदावर येते. १९१९ साली ते निवृत्त झाले आणि १९३६ साली निवर्तले.

मार्च १९८९ मध्ये अशाच वादळाने कॅनडातील क्वेबेक प्रांताची वीज सुमारे नऊ तास बंद पाडली. भिवंडीच्या यंत्रमागांपासून आगगाडीपर्यंत आपलेही जीवन आज विजेवर चालते. म्हणूनच अलिबागची ती अखंड नोंद मोलाची आहे. निसर्गाचा कोप माणसाला टाळता येत नाही. परंतु चिकाटीने नोंद ठेवणारा त्याचे नियम ओळखू शकतो, हेच नानाभाईंचे चरित्र सांगते.