लोकमान्यांतला गणिती

गणेशोत्सव आला की लोकमान्य टिळकांचे स्मरण होतेच. पण ‘केसरी’कार टिळकांच्या आधीचे गणिती टिळक आपल्या घरांतून फारसे ठाऊक नसतात.

त्यांचा जन्म २३ जुलै १८५६ रोजी रत्नागिरीत झाला. वडील गंगाधरपंत शिक्षक. संस्कृत आणि गणित त्यांच्याकडून घरातच मिळाले. पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गणित व ज्योतिषाचे गाढे अभ्यासक केरोपंत छत्रे गुरू लाभले. गणित घेऊन टिळक पहिल्या वर्गात बी.ए. झाले. कायद्याची पदवी घेऊनही सरकारी नोकरी न धरता १८८० मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह न्यू इंग्लिश स्कूल काढले. १८८५ मध्ये सुरू झालेल्या फर्ग्युसन कॉलेजात ते गणित शिकवीत.

१८९० मध्ये संस्था सोडली, तरी गणित सुटले नाही. वसंतसंपात सुमारे ७२ वर्षांत एक अंश मागे सरकतो. वेदवाङ्मयात तो मृग नक्षत्री असल्याच्या खुणा आहेत, असे दाखवून त्यांनी वेदांचा काळ इसवी सनापूर्वी सुमारे ४००० वर्षे ठरवला. १८९३ च्या ‘ओरायन’ ग्रंथात हे विवेचन आहे. सर्वच विद्वानांना ते पटले नाही. पण युरोपातील पंडितांनाही त्याची दखल घ्यावी लागली. १८९७ च्या राजद्रोहाच्या शिक्षेतून त्यांची मुदतीआधी सुटका व्हावी म्हणून अर्ज करणाऱ्यांत मॅक्स म्युलर होते. पंचांगाचे गणित आकाशाशी जुळलेच पाहिजे, हा टिळकांचा आग्रह होता. त्यातूनच टिळक पंचांग रूढ झाले.

आपल्या वडोदऱ्याशीही त्यांचा ऋणानुबंध होता. १८९४ मध्ये संस्थानचे अधिकारी रावसाहेब बापट यांच्यावर आरोप आले, तेव्हा त्यांच्या बचावासाठी टिळक येथे आले होते. पुण्यातला त्यांचा प्रसिद्ध गायकवाड वाडा मूळचा सयाजीराव महाराजांचा.

१९०८ ते १९१४ मंडालेच्या तुरुंगात गेली. तेथे ‘गीतारहस्य’ लिहून झाले आणि ज्योतिषाचा अभ्यासही चालू राहिला. वेदांगज्योतिषावरील त्यांचे लेखन तर त्यांच्या मृत्यूनंतर ग्रंथरूपाने निघाले.

स्वराज्य मिळाल्यावर पुन्हा गणित शिकवावे, अशी इच्छा ते बोलून दाखवीत. १ ऑगस्ट १९२० रोजी मुंबईत ते गेले आणि ती इच्छा राहून गेली. देशासाठी त्यांनी तुरुंगवास सोसला, हे आपण जाणतो; त्यासाठी मनाजोगा फळा आणि खडूही त्यांनी बाजूला ठेवला होता. यंदा आरतीनंतर मुलांना हेही आवर्जून सांगूया.