कुलाब्याची सुई अलिबागला नेणारे डॉ. मूस

होकायंत्राजवळून तार नेऊन ती सेलला जोडली की सुई हलते, हा प्रयोग आपण सगळ्यांनी केलाय. विजेचा प्रवाह वाहतो तिथे चुंबकीय क्षेत्र तयार होतं, हे ऑर्स्टेड यांनी १८२० साली दाखवलं. पुढे फॅरडे आणि मॅक्सवेल यांनी वीज आणि चुंबकत्व एका सिद्धांतात आणलं. याच नियमाने आपल्या खाडीपलीकडे, मुंबईत, एका शास्त्रज्ञाला पेचात टाकलं होतं. त्यांची ओळख करून द्यावी म्हणून हा लेख.

डॉ. नानाभॉय अर्देशीर फ्रामजी मूस यांचा जन्म १८५९ सालचा. एडिंबरोला शिकून आलेले मूस १८९६ मध्ये कुलाबा वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले. तिथे १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या नोंदी होत होत्या. मूस जन्मले त्याच वर्षी सप्टेंबरात सूर्यामुळे आलेलं प्रचंड चुंबकीय वादळही तिथे नोंदलं गेलं होतं.

मग मुंबईत घोड्यांच्या ट्रामऐवजी विजेच्या ट्राम आणायचं ठरलं. ट्रामचा प्रवाह रुळांतून परत जातो आणि थोडा जमिनीतही झिरपतो. म्हणजे वेधशाळेची सुई पृथ्वीऐवजी ट्रामच मोजत बसली असती. शहराला वीज हवी होती, मूसना शांत जागा. म्हणून १९०४ साली अलिबागला नवी वेधशाळा उभी राहिली. पोरबंदरी दगडाच्या त्या इमारतीत लोखंड वापरलं नाही. मुंबईत विजेची ट्राम धावली १९०७ मध्ये.

मला भावतं ते मधल्या काळातलं काम. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षं मूसनी कुलाबा आणि अलिबाग दोन्हीकडे मोजमाप चालू ठेवलं. दोन जागांच्या आकड्यांत नेमका किती फरक पडतो ते कळल्याशिवाय जुनी मालिका नवीला जोडता येत नाही. आम्ही सॉफ्टवेअरवालेही जुनी प्रणाली बंद करण्याआधी नवी तिच्या बरोबरीने चालवून बघतो. घाई केली तर जुना डेटा असून नसल्यासारखा होतो. इथे तर साठ वर्षांच्या नोंदी पणाला लागल्या होत्या. १८४६ ते १९०५ चे ते आकडे मूसनी विश्लेषणासह दोन खंडांत १९१० साली प्रसिद्ध केले.

ते १९१९ मध्ये निवृत्त झाले, १९३६ मध्ये वारले. २००३ साली शास्त्रज्ञांनी १८५९ च्या वादळाची तीव्रता नव्याने काढली, तेव्हा आधार कुलाब्याच्याच नोंदींचा होता. त्या वादळात इथलं क्षेत्र सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी घसरलं होतं. असं वादळ पुन्हा आलं तर उपग्रहांचं आणि वीजवाहिन्यांचं काय होईल, याचा अंदाज बांधताना हा आकडा लागतो.

अलिबागची वेधशाळा आजही चालू आहे. ती चालवणाऱ्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेचं मुख्यालय नवीन पनवेलला, म्हणजे शिरवण्याहून हार्बर लाइनने थोड्याच अंतरावर आहे. मुलांना ऑर्स्टेडचा प्रयोग करून दाखवाल, तेव्हा मूस यांचंही नाव जरूर सांगा.