एअर इंडियाने कॉन्कॉर्डसाठीही नंबर लावला होता

१५ ऑक्टोबर १९३२. कराचीहून टपाल घेऊन निघालेलं एका इंजिनाचं छोटं विमान अहमदाबादमार्गे मुंबईत जुहूला उतरलं. चालवत होते २८ वर्षांचे जेआरडी टाटा. पुढे त्यांच्याच अध्यक्षतेखाली एअर इंडियाने १९६० मध्ये बोइंग ७०७ आणलं आणि आवाजाच्या दुप्पट वेगाने उडणाऱ्या दोन कॉन्कॉर्डसाठी नंबरही लावला. पण १९७३ मध्ये तेल भडकलं. कॉन्कॉर्ड इंधन भरमसाट प्यायचं, प्रवासी मात्र शंभरच्या आसपासच न्यायचं. शिवाय कानठळ्या बसवणारा आवाज. बहुतेक कंपन्यांप्रमाणे एअर इंडियानेही माघार घेतली. १९७८ मध्ये सरकारने जेआरडींना अध्यक्षपदावरून हटवलं. १९९३ मध्ये ते गेले. कॉन्कॉर्ड २००३ पर्यंत उडत राहिलं, पण एअर इंडियाच्या रंगात कधीच नाही.