मेकॅनोचा जनक

नदीकाठी वाळूचा किल्ला करणे, रिकाम्या काड्यापेट्यांची आगगाडी जोडणे, लाकडी ठोकळ्यांचा मनोरा रचणे हे खेळ कोणत्या मुलाला आवडत नाहीत? वस्तू मोडण्यात मुलांना गंमत वाटते खरी. पण स्वतःच्या हातांनी काही उभे करण्यात त्याहून मोठा आनंद असतो. हा आनंद ओळखून ज्याने मुलांच्या हाती धातूच्या पट्ट्या, चाके आणि नटबोल्ट दिले, त्या फ्रँक हॉर्नबीची ही कथा आहे.

फ्रँकचा जन्म १५ मे १८६३ रोजी इंग्लंडमधील लिव्हरपूल या मोठ्या बंदरात झाला. त्याचे वडील खाद्यपदार्थांचा व्यापार करीत. शाळेत फ्रँकचे मन फारसे रमत नसे. परंतु लहानपणी त्याच्या हाती सॅम्युएल स्माइल्स याचे ‘सेल्फ हेल्प’ हे पुस्तक पडले. अडचणींना न जुमानता ज्यांनी नवे शोध लावले, अशा माणसांच्या कथा त्यात होत्या. त्या वाचून आपणही एखादे यंत्र शोधून काढावे, असा ध्यास त्याने घेतला. एकदा चालू केले की कधीही थांबणार नाही, असे यंत्र करण्याच्या खटपटीला तो लागला. असे यंत्र निसर्गनियमांप्रमाणे होऊच शकत नाही. साहजिकच त्याला अपयश आले. पण त्याची जिद्द मात्र खचली नाही.

सोळाव्या वर्षी शाळा सोडून तो वडिलांच्या पेढीवर काम करू लागला. १८९९ मध्ये वडील वारले आणि पेढी बंद झाली. तेव्हा तो डेव्हिड एलियट या मांसाच्या व्यापाऱ्याकडे हिशेबनीस म्हणून राहिला. दिवसभर जमाखर्च मांडावा आणि फावल्या वेळी आपल्या मुलांसाठी पत्र्याची खेळणी करावीत, असा त्याचा क्रम असे.

मुलांसाठी तो पूल, गाड्या आणि याऱ्या बनवी. परंतु प्रत्येक खेळण्याचे भाग निराळे करावे लागत. पुलाचा तुकडा यारीला चालत नसे आणि यारीचा तुकडा गाडीला बसत नसे. मुलांनी नवे खेळणे मागितले की सारी मेहनत पहिल्यापासून करावी लागे. एके दिवशी त्याला एक साधीच युक्ती सुचली. सर्व पट्ट्यांना सारख्या अंतरावर सारखी छिद्रे पाडली तर? मग कोणतीही पट्टी कोणत्याही पट्टीला जोडता येईल आणि खेळ झाल्यावर ती सोडवून दुसरीकडे वापरता येईल! त्याने तांब्याच्या पत्र्यातून अर्धा इंच रुंदीच्या पट्ट्या कापल्या व अर्ध्या अर्ध्या इंचावर छिद्रे पाडली. नटबोल्टही त्याने हातानेच घडविले. सकाळचा पूल संध्याकाळी यारी होऊन उभा राहू लागला!

या युक्तीचे पेटंट घ्यावयाचे, तर खर्चाला पैसे नव्हते. त्याने आपल्या मालकाकडून पाच पौंड उसने घेतले आणि १९०१ मध्ये पेटंट मिळविले. पुढे एलियटने त्याला कचेरीशेजारची रिकामी जागा दिली आणि तो या उद्योगात भागीदार झाला. १९०२ मध्ये खेळण्याच्या पेट्या बाजारात आल्या. एका पेटीची किंमत होती ७ शिलिंग ६ पेन्स. लिव्हरपूल येथील यंत्रशास्त्राचे प्राध्यापक हेले-शॉ यांनी या खेळण्याची शिफारस केली. तरीही १९०३ साली १५०० पेट्या खपल्या असता नफा मात्र झाला नाही. दुसरा एखादा असता, तर त्याने तो नाद सोडून दिला असता. हॉर्नबीने तो सोडला नाही. पेटीत नवनवे भाग घालून त्याने ती अधिक चांगली केली.

१९०७ मध्ये त्याने या खेळण्याला ‘मेकॅनो’ हे सुटसुटीत नाव दिले. १९१४ मध्ये लिव्हरपूल येथे मोठा कारखाना उभा राहिला. १९१६ पासून मुलांसाठी मेकॅनोचे मासिक निघू लागले आणि १९२० मध्ये हॉर्नबीच्या खेळातल्या आगगाड्या धावू लागल्या. मेकॅनोची कीर्ती देशोदेशी पसरली. १९३१ मध्ये लोकांनी त्याला पार्लमेंटातही निवडून दिले. २१ सप्टेंबर १९३६ रोजी तो मरण पावला.

लिव्हरपूलचा तो कारखाना १९७९ मध्ये बंद झाला. परंतु या खेळण्याची योग्यता एका गोष्टीवरून ध्यानात येते. १९३४ मध्ये मँचेस्टर विद्यापीठातील डग्लस हार्ट्री आणि आर्थर पोर्टर यांना अवघड समीकरणे सोडविणारे एक यंत्र करून पाहावयाचे होते. त्याचा नमुना त्यांनी मुख्यतः मेकॅनोच्याच भागांतून जोडला आणि त्या यंत्राने खरोखरच समीकरणे सोडविली!

यंत्रशास्त्राचे शिक्षण न मिळालेल्या एका हिशेबनिसाने आपल्या मुलांसाठी कापलेल्या पट्ट्या अशा रीतीने विद्वानांच्याही उपयोगी पडल्या. लहानपणी न थांबणारे यंत्र हॉर्नबीला साधले नाही. परंतु हजारो मुलांचे हात त्याने कामाला लावले.