कस्तुरबांची चूल

विद्यार्थ्यांनो, खराडीहून नगर रस्त्याने पुणे शहराकडे निघालात, तर पाच-सहा किलोमीटरांवर एक भव्य इमारत लागते. उंच कमानी, लांबलचक व्हरांडे आणि भोवती गर्द झाडी. हाच आगाखान पॅलेस. सुलतान महंमद शाह आगाखान यांनी १८९२ साली तो बांधला. त्या वेळी आसपासच्या गावांतील लोक दुष्काळाने गांजले होते. त्यांच्या हाताला काम मिळावे, म्हणून हे बांधकाम काढले गेले.

तुमच्यापैकी काही जण सहलीला तिथे गेले असतील. आवारात दोन समाध्या आहेत. एक महादेवभाई देसाई यांची आणि दुसरी कस्तुरबा गांधी यांची. आयुष्याचा मोठा भाग पत्र्याच्या आणि मातीच्या घरांत काढलेल्या कस्तुरबा शेवटी एका महालात वारल्या, आणि त्याही कैदी म्हणून. गांधीजींची गोष्ट तुम्हांला ठाऊक आहेच. पण त्यांच्या घरची चूल कोण सांभाळत होते, हे आपण सहसा विचारत नाही. म्हणून आज कस्तुरबांची गोष्ट वाचा.

त्यांचा जन्म १८६९ साली गुजरातमधील पोरबंदर येथे झाला. वडील व्यापारी होते. घरी काही कमी नव्हते. पण त्या काळच्या रिवाजाप्रमाणे मुलीला शाळेत कोणी घातले नाही. तेरा-चौदा वर्षांच्या असताना त्यांचे लग्न मोहनदास गांधी यांच्याशी झाले. नवराही त्याच वयाचा, अजून शाळेत जाणारा. पुढे सारा देश त्यांना बा म्हणू लागला. आपण घरात अम्मी म्हणतो, तसे गुजरातीत बा म्हणतात.

१८९७ च्या आरंभी बा मुलांसह दक्षिण आफ्रिकेत डर्बन येथे पोहोचल्या. गांधीजी तिथे नामांकित वकील होते. घरी त्यांचे कारकूनही राहत. घरात मोऱ्या नव्हत्या. खोल्यांतून लघवीची भांडी ठेवत आणि ती रोज साफ करावी लागत. एक कारकून जन्माने अस्पृश्य मानलेल्या जातीतला होता. त्याचे भांडे उचलताना बांच्या डोळ्यांत पाणी आले. ते काम हसतमुखाने केले पाहिजे, असा पतीचा हट्ट. बोलाचाली वाढली आणि गांधीजींनी रागाच्या भरात त्यांचा हात धरून त्यांना फाटकापर्यंत ओढत नेले. परक्या देशात आपण कुठे जाणार, असे बांनी विचारले, तेव्हा ते भानावर आले. ही हकिकत गांधीजींनी स्वतःच लिहून ठेवली आहे. जातिभेदाच्या बाबतीत त्यांचे म्हणणे बरोबर होते. पण बरोबर गोष्टीसाठी बायकोला घराबाहेर काढणे चूकच, असे मला वाटते. पुढे त्यांनाही तसेच वाटले.

हळूहळू घरातला थाटमाट कमी होत गेला. जोहान्सबर्गला असताना गांधीजींनी सात पौंडांना लोखंडी जाते विकत घेतले. विकतचा पाव बंद झाला. गहू घरीच दळायचा, कोंडा न काढता पीठ मळायचे आणि घरीच पाव भाजायचा. जाते एवढे जड होते, की एकट्याला ते ओढत नसे, दोघे लागत. गांधीजी आणि मुले दळायला बसत. बाही कधीकधी हात लावत, पण दळणाच्या वेळीच त्यांचे स्वयंपाकघरातले काम चालू असे. दळणारे दळून उठतात, रांधणारीला मात्र उसंत नसते, हे तुम्ही आपल्या घरीही पाहिले असेल.

पुढे बा डर्बनजवळच्या फिनिक्स वसाहतीत राहायला गेल्या. शंभर एकरांची ही जमीन गांधीजींनी १९०४ साली घेतली होती. तिथली घरे पन्हाळी पत्र्यांची होती. उन्हाळ्यात पत्रा तापतो, पावसात त्याचा केवढा आवाज होतो, हे पत्र्याच्या घरात राहणाऱ्याला वेगळे सांगायला नको. वसाहतीत प्रत्येकाने शेतात, छापखान्यात किंवा घरात अंगमेहनत करायची, असा नियम होता.

याच काळात बा फार आजारी झाल्या. शस्त्रक्रिया झाली, तरी दुखणे उलटले. मीठ आणि डाळ सोडून पाहा, असे गांधीजी सुचवू लागले. बांनी ऐकले नाही. आता तुम्हीच विचार करा, अळणी भाजी आणि डाळीवाचून जेवण किती दिवस जाईल? ज्या घरात मसाला आधीच गेला होता, तिथे चवीला उरले होते ते हेच. सांगणाऱ्यालाही हे सोडता येणार नाही, असे बा बोलून गेल्या. गांधीजींनी तत्काळ एक वर्षासाठी दोन्ही सोडले. बा रडू लागल्या. मी सोडते, पण तुम्ही शपथ मागे घ्या, अशी विनवणी त्यांनी केली. शपथ काही मागे घेतली गेली नाही. त्यानंतर बाही अळणी जेवू लागल्या आणि त्यांची प्रकृती सुधारली.

जोहान्सबर्गजवळ १९१० साली टॉलस्टॉय फार्म सुरू झाले. सत्याग्रहींची कुटुंबे तिथे काटकसरीने राहत. भुईमूग भाजून, दळून त्याचे लोणी करत. ते दुधाच्या लोण्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडे. संत्री फार्मवरच होत, त्यांचा मुरंबा घालत. तिथे मुसलमान मुलेही होती. रमजान आला, तेव्हा त्यांच्याबरोबर हिंदू, पारशी आणि ख्रिस्ती मुलांनीही रोजे धरले.

१९१३ साली एक मोठे संकट आले. हसन इसाप नावाच्या गृहस्थांच्या पत्नी बाई मरियम यांना दक्षिण आफ्रिकेत उतरू दिले नाही. प्रकरण केपच्या न्यायालयात गेले. ख्रिस्ती पद्धतीने न झालेली किंवा सरकारी नोंद नसलेली लग्ने कायदेशीर नाहीत, असा निकाल न्यायमूर्ती सर्ल यांनी दिला. म्हणजे एका निकालाने हिंदू, मुसलमान आणि पारशी, सगळ्यांचे निकाह आणि विवाह रद्द! बा चूल सोडून उठल्या. सोळा जणांच्या पहिल्या तुकडीत त्या होत्या. परवाना न घेता त्यांनी ट्रान्सवालची हद्द ओलांडली आणि त्यांना तीन महिन्यांची सक्तमजुरी झाली. तुरुंगातले अन्न त्यांना मानवले नाही. सुटल्या तेव्हा हाडांचा सापळा उरला होता. पण १९१४ च्या कायद्याने आपल्या लोकांची लग्ने मान्य झाली.

भारतात परतल्यावर साबरमतीच्या आश्रमात बा शेकडो माणसांची आई झाल्या. आश्रमात कोणी स्वतःजवळ पैसा ठेवायचा नाही, असा नियम होता. एकदा कोणीतरी बांना चार रुपये भेट दिले. ते कचेरीत जमा करायचे राहिले. गांधीजींनी ही गोष्ट १९२९ साली आपल्या वृत्तपत्रात छापली. सार्वजनिक पैशाचा हिशेब चोख असावा, हे खरे. तरीही चार रुपयांसाठी बांना सगळ्या देशापुढे उभे केले, हे वाचताना माझा जीव कळवळतो.

१९३६ साली गांधीजी वर्ध्याजवळच्या शेगावात राहू लागले. पुढे त्या गावाचे नाव सेवाग्राम झाले. तिथली घरे माती, बांबू आणि कौलांची. हे सामान आसपासच मिळणारे. जमीन शेणाने सारवलेली. आल्यागेल्यांची एवढी वर्दळ असे, की बांना क्षणभर टेकायला आडोसा नव्हता. तेव्हा जमनालाल बजाज यांनी त्यांच्यासाठी वेगळी कुटी बांधून दिली. ती बा कुटी आजही आहे. पहाटे चारला उठायचे, प्रार्थना, सूतकताई, मग स्वयंपाकघर. उकडलेल्या भाज्या, हातसडीचा तांदूळ, जात्यावरचे पीठ, गूळ, शेळीचे दूध. सरहद्द प्रांतातले खान अब्दुल गफारखान आले, तरी ताटात तेच.

९ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईत शिवाजी पार्कच्या सभेला निघाल्या असताना बांना अटक झाली. त्यांना आगाखान पॅलेसमध्ये आणले. १५ ऑगस्टला महादेवभाई तिथेच अचानक वारले. त्या बंदिवासात बा कॅरम खेळायला शिकल्या. गांधीजी संत्रे हातात घेऊन त्यांना भूगोल शिकवत. पंजाबच्या नद्या त्यांच्या लक्षात राहत नसत. एकदा परीक्षेत त्यांनी लाहोरला कलकत्त्याची राजधानी करून टाकले! भूगोलाच्या तासाला घाबरणाऱ्यांनी हे जरूर वाचावे. तेव्हा त्यांचे वय त्र्याहत्तर-चौऱ्याहत्तर होते, तरी वही त्यांनी मिटली नव्हती.

१९४३ च्या अखेरीस हृदयविकाराने त्या खचल्या. २२ फेब्रुवारी १९४४ रोजी, महाशिवरात्रीच्या संध्याकाळी, गांधीजींच्या मांडीवर डोके ठेवून त्यांनी प्राण सोडला. दुसऱ्या दिवशी पॅलेसच्या आवारातच त्यांचे दहन झाले. त्यांच्या अंगावर गांधीजींनी कातलेल्या सुताची साडी होती. पुढच्या खेपेस नगर रस्त्याने गेलात, तर आत जा. उशीर करू नका, संध्याकाळी दरवाजे बंद होतात.